‘सरांनी दिलं’ हे उत्तर चालणार नाही

पत्र:

ताई, आम्ही इंदूरचेच, तिलकनगरला राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. आठवीपासून माउंटन बाईक चालवतो, राज्य स्पर्धेत पदकं आहेत. परवा फ्रिज पुसताना दारातल्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे, झिपच्या पिशवीत औषध भरलेल्या दोन सिरिंज सापडल्या. वर ‘एरिथ्रोपोएटिन ४०००’ असं छापलंय. विचारलं तर म्हणाला, सरांनी दिलंय, रिकव्हरीचं आहे, रक्तवाढीच्या गोळीसारखंच. दोनदा टोचून घेतलंय म्हणे. आमच्या ह्यांचं म्हणणं, सगळेच घेतात, ज्युनियरला कोण तपासतंय; रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली की विषय संपला. पुढच्या महिन्यात नॅशनल आहे. हे तपासणीत पकडतात का? गुपचूप फेकून देऊ का? आणि सरांशी बोलू की नको? आज तो जो काही आहे तो त्यांच्यामुळेच आहे.
— एक आई, इंदूर

उत्तर:

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण चौथा आधी यायला हवा होता: मुलाच्या रक्ताची तपासणी केलीत का? केली नसेल तर उद्या सकाळी करा. साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, कुठल्याही लॅबमध्ये होते. रिपोर्टात हिमोग्लोबिनच्या आसपास हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शेकडा किती. पन्नासच्या आसपास किंवा वर असेल तर रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडे जा. आकडा बरोबर आला तरी जा, आणि काय टोचलंय ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. ‘थोडा अशक्तपणा वाटतोय’ असं म्हणून विषय गुंडाळू नका. पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलताना जीभ अडखळली तर रिपोर्टची वाटही पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

आता ते औषध काय आहे ते सांगते. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक आहे. तांबड्या पेशी बनव, असा निरोप ते हाडांतल्या मगजाला देतं. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, जे डायलिसिसवर आहेत, त्यांना ते बाहेरून द्यावं लागतं. त्यांच्यासाठी ते वरदानच आहे. चार हजार युनिटची सिरिंज हा त्याच रुग्णांचा डोस. तुमच्या मुलाची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. त्याच्या शरीरात हा निरोप दोन ठिकाणांहून जातोय आणि रक्त दाट होतंय. त्यात तो उन्हात दीड-दोन तास सायकल मारतो, घामाने अंगातलं पाणी जातं, रक्त आणखी दाटतं. गुठळी होण्याचा धोका इथे आहे. रक्तवाढीच्या गोळीशी याचा काडीचा संबंध नाही. लोह हा कच्चा माल असतो. तो दिला म्हणून कारखाना जादा पाळीत चालत नाही, ईपीओ दिलं की चालतो.

आणखी एक. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि फ्रिजचं दार ही फ्रिजमधली सगळ्यात गरम जागा. तुमच्या घरी येईपर्यंत त्या सिरिंज कुठे होत्या, कुणाच्या बॅगेतून आल्या, आत खरंच तेच औषध आहे का, हे लेबल वाचून कळत नाही. सरांनाही ते माहीत असण्याची शक्यता कमीच.

सर हेच का देतात, हेही समजून घ्या, म्हणजे मुलाशी बोलताना तुमची बाजू लंगडी पडणार नाही. माउंटन बाईकची क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या कच्च्या वाटांवरची शर्यत, मोठ्यांची साधारण दीड तासाची, ज्युनियरची तासाभराहून थोडी जास्त. रस्त्यावरच्या सायकलिंगसारखं इथे घोळक्यात लपून दम खाता येत नाही. चढ आला की फुप्फुसं फाटेपर्यंत जोर, उतारावर हात आणि नजर कामात, लगेच पुढचा चढ. पहिल्या मिनिटापासून सगळा खेळ स्नायूंना ऑक्सिजन किती पोचतो यावर. आपल्या राळामंडल टेकडीचा चढ जो पोरगा दोन गियर जड ठेवून चढतो त्याच्याकडे बाकीचे कसे बघतात, ते तुमच्या मुलाला विचारा. ईपीओ नेमकं त्या जागी हात घालतं. ते काम करत नाही असं मी म्हणणार नाही. करतं, म्हणूनच त्यावर बंदी आहे.

या खेळाचा याबाबतचा इतिहासही फार सोवळा नाही. १९९६ साली ऑस्ट्रेलियात केर्न्सला झालेली क्रॉस-कंट्रीची जागतिक स्पर्धा फ्रान्सच्या जेरोम शिओतीने जिंकली. दुसरा आला स्वित्झर्लंडचा थॉमस फ्रिश्कनेख्त, या खेळातलं फार आदराचं नाव. त्या काळी ईपीओ शोधणारी चाचणीच नव्हती, त्यामुळे शिओती सापडायचा प्रश्नच नव्हता. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १९९७ साली हिमॅटोक्रिट पन्नासच्या वर गेला तर त्या पुरुष सायकलपटूला पंधरा दिवस उतरू द्यायचं नाही असा नियम आणला, तोही तब्येतीच्या नावाखाली. लघवीतून ईपीओ पकडण्याची चाचणी आली २००० साली, सिडनी ऑलिंपिकपासून. आणि त्याच वर्षी, कोणीही पकडलेलं नसताना, शिओतीने आपण ईपीओ घेऊन ते विजेतेपद मिळवल्याचं स्वतःहून जाहीर केलं. विजेत्याची जर्सी आणि पदक फ्रिश्कनेख्तकडे गेलं, चार वर्षांनी. मला यातला फ्रिश्कनेख्त जास्त आठवतो. ज्या दिवशी व्यासपीठावर सगळ्यात वर उभं राहायचं, तो दिवस त्याला कोणी परत देऊ शकलं नाही. तुमचा मुलगा नॅशनलला टोचून उतरला, तर त्याच्यामागे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर येणारं पोरही कुणाचं तरी असेल.

चाचणी आल्यावर मात्र माणसं सापडू लागली. बेल्जियमचा फिलिप मेरहागे २००३ चा जगज्जेता, सिडनीचा रौप्यविजेता. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर ईपीओसाठी पॉझिटिव्ह निघाला, आणि त्याने कबूल केलं. तेव्हा ‘पकडतात का’ याचं उत्तर: हो, पकडतात, वीस वर्षांहून जास्त काळ पकडतायत. नुसत्या चाचणीतूनच असंही नाही. सायकलिंगमध्ये २००८ पासून जैविक पासपोर्ट आहे. त्यात खेळाडूच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं टिपून ठेवतात, औषध सापडलं नाही तरी आकड्यांची चाल बिघडलेली दिसते. नमुने दहा वर्षांपर्यंत राखून पुन्हा तपासता येतात. रेल्वेत नोकरी लागली की विषय संपला, असं तुमचे यजमान म्हणतात. दहा वर्षांनी त्याच नोकरीवर बसलेला असताना विषय पुन्हा सुरू होऊ शकतो, एवढं त्यांच्या कानावर घाला.

‘सगळेच घेतात’ हे आपल्या देशात फार सहज म्हटलं जातं, आणि दुर्दैवाने ते अगदी हवेतलंही नाही. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, २०२३ च्या आकड्यांत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांत २१३ मध्ये बंदी असलेलं काहीतरी निघालं. मोठ्या प्रमाणावर तपासण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात वरचं. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे, म्हणजे आपल्या राष्ट्रीय संस्थेचे, लोक आल्याचं कळताच खेळाडू पसार झाले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच जण धावला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात सिरिंज सापडल्या होत्या. राज्य पातळीवरची स्पर्धा होती ती. ज्युनियरला कोण तपासतंय, म्हणणाऱ्यांना हा किस्सा सांगा. आणि हेही सांगा की नमुना द्यायचं टाळून पळणं हाच वेगळा गुन्हा आहे, त्याला चार वर्षांपर्यंत बंदी आहे.

आता या उत्तराचा गाभा. उत्तेजकांच्या नियमांत जबाबदारी ज्याच्या शरीरात द्रव्य सापडलं त्याची. कोणी दिलं, काय सांगून दिलं, हे शिक्षा ठरवताना ऐकून घेतात. गुन्हा झाला की नाही हे ठरवताना ऐकत नाहीत. ‘सरांनी दिलं’ हे उत्तर तुमच्या मुलाने तुम्हाला दिलं आणि तुम्ही क्षणभर सुटकेचा श्वास सोडलात, हे पत्रात दिसतंय. नाडाच्या टेबलावर त्या उत्तराने सुटका होत नाही. तिथे ते पुरावा म्हणून मात्र मोलाचं आहे, त्याकडे येतेच.

आधी एक अवघड गोष्ट. चाचणी झालीच नाही तरीही बंदी असलेलं द्रव्य खेळाडूच्या ताब्यात असणं हा नियमभंग आहे. तुमच्या फ्रिजमधल्या त्या दोन सिरिंज आजही नियमभंग आहेत. आणि ‘खेळाडूची मदत करणारे’ या व्याख्येत प्रशिक्षक, डॉक्टर, मॅनेजर यांच्या बरोबरीने आईवडीलही येतात. माहीत असून पांघरूण घालणारा बाप या व्याख्येच्या बाहेर नाही. हे मी तुमच्या यजमानांना घाबरवायला लिहीत नाही. पण नवऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून तुम्ही गप्प बसणार असाल, तर त्या गप्प बसण्याची किंमत काय ते तुम्हाला माहीत असावं.

दुसरी बाजू तुमच्या मुलाच्या पथ्यावर पडणारी आहे. अठरा वर्षांच्या आतला, नाडाच्या नोंदणीकृत चाचणी यादीत नसलेला आणि खुल्या गटातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा न खेळलेला खेळाडू नियमांत ‘संरक्षित व्यक्ती’ धरला जातो. मोठ्या माणसाला ईपीओसाठी चार वर्षं लागू शकतात. संरक्षित मुलाची चूक मोठी नव्हती असं ठरलं, तर समज देण्यापासून जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत शिक्षा होते. कोणी पकडण्याआधी स्वतःहून सांगितलं तर तेही जमेस धरतात. याउलट अशा मुलाला ईपीओसारखं द्रव्य देणाऱ्या प्रशिक्षकाला आजन्म बंदी आहे. चार वर्षं नव्हे, आजन्म. सरांनी ते तुमच्या फ्रिजमध्ये का ठेवायला दिलं, स्वतःच्या का नाही ठेवलं, यावर थोडा विचार करा.

म्हणून फेकून देऊ नका. लेबल, बॅच नंबर, मुदतीची तारीख यांचे फोटो काढा. पिशवी आहे तशी बंद करा, मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. कधी घेतलं, कुठे, कोणी टोचलं, पैसे कसे दिले, हे मुलाकडून तारखेसह लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरचं काहीही पुसू देऊ नका. घाबरलेली पोरं पहिलं ते करतात, आणि पुरावा पुसणं हाही वेगळा नियमभंग ठरू शकतो. मग क्रीडाविषयक प्रकरणं हाताळलेल्या वकिलाला गाठा, आणि त्याच्या सल्ल्याने मुलाचं निवेदन आणि त्या सिरिंज नाडाकडे द्या. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्यानंतर नाडाच्या कामाला संसदेच्या कायद्याचा आधार आहे, हे लुटुपुटुचं प्रकरण राहिलेलं नाही. हे सगळं आठवड्यात व्हायला हवं, नॅशनलनंतर नव्हे. नॅशनलला तो जाणार नाही. यावर घासाघीस करू नका, तो रडेल, दार आपटेल, जेवणार नाही, तरीही.

सरांशी बोलू की नको? आधी नको. तुम्ही फोन केलात तर ते पहिल्यांदा त्या पिशवीची चौकशी करतील. मुलगा त्यांच्यामुळे पुढे आला, हे मला मान्य आहे. पहाटे पाचला ट्रेलवर उभं राहून पोरांच्या चेन साफ करून देणारे प्रशिक्षक मी पाहिलेत, आणि त्यांतला एखादा ‘वरचे सगळे हेच करतात’ म्हणून या वाटेला लागलेलाही पाहिलाय. तो माणूस राक्षस असायची गरज नसते. पण सतरा वर्षांच्या मुलाला सुई टोचणारा माणूस त्या मुलाच्या सायकलीजवळही नको. इतर पोरांनाही दिलं असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तक्रार नाव न देता करायची असेल तर वाडाचं ‘स्पीक अप’ नावाचं ॲप आहे.

तुमचे यजमान पुढे म्हणतील, या तपासण्याच गडबडीच्या असतात, निरपराधही अडकतात. अडकतात, हे खरं आहे. स्वित्झर्लंडचा माथियास फ्लुकिगर, टोकियो ऑलिंपिकचा क्रॉस-कंट्रीतला रौप्यविजेता. २०२२ च्या जूनमध्ये त्याच्या नमुन्यात झेरानोलचा अत्यल्प अंश सापडला. झेरानोल हे काही देशांत गुरांची वाढ व्हावी म्हणून वापरतात. ऑगस्टमध्ये, म्युनिकच्या युरोपीय स्पर्धेच्या ऐन तोंडावर त्याला निलंबित केलं. मात्रा इतकी कमी होती की नियमानुसार तो थेट पॉझिटिव्ह धरायचाच नव्हता, आधी चौकशी करायची होती. डिसेंबरात निलंबन उठलं, आणि २०२४ साली स्विस शिस्तपालन मंडळाने त्याला निर्दोष ठरवलं. मधल्या काळात त्याची काय दशा झाली असेल, ती तोच जाणे. पण त्याच्याकडे लढायला एक गोष्ट होती: त्याने काही घेतलेलंच नव्हतं. तुमच्या मुलाकडे आज ती नाही. पुढे असावी असं वाटत असेल तर आत्तापासून जपायला लागेल, आणि त्यात आपली घरं फार निष्काळजी असतात.

खोकल्याचं औषध घ्या. आपल्याकडे मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय जी पातळ औषधं काढून देतो त्यांतल्या कित्येकांत टर्ब्युटालिन असतं. त्यावर बारा महिने बंदी आहे, शर्यत असो वा नसो. दम्याचा साल्ब्युटामोलचा पंप ठरावीक मात्रेत चालतो, टर्ब्युटालिन चालत नाही. ट्रामाडोल, ते जोरदार पेनकिलर, सायकलिंगने २०१९ मध्ये आणि वाडाने २०२४ पासून स्पर्धाकाळासाठी बंद केलं. ‘थकवा आलाय, एक बाटली चढवून घे’ हा आपला लाडका उपाय: बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन शिरेतून घेणं यावरच बंदी आहे, आत नुसतं ग्लुकोज असलं तरी. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांचा अपवाद तेवढा. जिममधल्या डब्यांचं तर बोलायलाच नको. २०१८ साली माउंटन बाईकच्याच एंड्युरो प्रकारातले, जिथे उतारांचे टप्पे घड्याळ लावून मोजतात, जॅरेड ग्रेव्हज आणि रिची रूड हे दोन आघाडीचे रायडर हायजेनामाइन आणि ऑक्सिलोफ्रिन या द्रव्यांसाठी पॉझिटिव्ह निघाले. सप्लिमेंटच्या डब्यांतून सापडणारीच ही द्रव्यं. दोघांचे नऊ-नऊ महिने बंदीत गेले.

आणि आपला माळवा! मंदसौर-नीमचची खसखस थंडीत घरोघर हलव्यात पडते. ती अफूच्याच झाडाची, खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिन उतरू शकतं आणि स्पर्धेच्या दिवशी मॉर्फिनला मर्यादा आहे. शिवरात्रीची भांग, रंगपंचमीच्या गेरमधली, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतली, ठंडाई, तीही स्पर्धेच्या सुमारास नकोच. घरात आजी असतील तर त्यांना हे आधी समजवा, लाडू त्याच देतात. कुठलंही औषध घेण्याआधी नाडाच्या ‘नो युअर मेडिसिन’ ॲपवर नाव घालून बघायची सवय मुलाला लावा. खरोखरच आजार असेल आणि बंदी असलेलंच औषध लागणार असेल, तर आधी अर्ज करून वैद्यकीय सूट मिळते.

पुढे कधी तपासणीची वेळ आली तर काय होतं, तेही त्याला माहीत असू द्या, म्हणजे धास्ती राहणार नाही. शर्यत संपल्यावर एक माणूस येऊन कळवतो आणि नमुना देईपर्यंत नजरेआड होऊ देत नाही. अल्पवयीन मुलासोबत मोठं माणूस राहू शकतं, तुम्ही जा. सीलबंद किट मुलानेच निवडायचं, पाण्याच्या बाटल्याही सीलबंद. किमान नव्वद मिलिलिटर लघवी लागते, ती ए आणि बी अशा दोन बाटल्यांत तो स्वतः ओततो आणि बंद करतो. बाटल्यांवरचे नंबर फॉर्मवरच्या नंबरांशी जुळवून पाहायचे. गेल्या सात दिवसांत घेतलेलं सगळं, अगदी क्रोसिनसुद्धा, फॉर्मवर लिहायचं. काही चुकलं असं वाटलं तर तेही त्याच फॉर्मवर लिहायला जागा असते, सहीआधी ती भरायची. आपली पोरं सही करून मोकळी होतात.

राहता राहिला मुलगा. बंदी आली तर त्या काळात त्याला क्लबबरोबर सराव नाही, स्पर्धा नाही. एकट्याने जानापावच्या डोंगरावर सायकल घेऊन जायला मात्र कुणाची आडकाठी नाही. बारावीचं वर्ष आहे, परीक्षा द्यायचीच आहे. त्याच्याशी बोलताना नोकरीचा, पदकाचा, खर्च झालेल्या पैशांचा हिशेब काढू नका. कार्बनच्या फ्रेमसाठी एफडी मोडली असेल तर ती तुम्ही मोडलीत. वकिलाकडे आणि डॉक्टरांकडे तुम्ही दोघं मिळून जा, मुलाला एकट्या आईबरोबर पाठवू नका. यजमान ‘मला वेळ नाही’ म्हणाले, तर हे उत्तर त्यांच्या हातात द्या आणि ‘खेळाडूची मदत करणारे’ या व्याख्येचा परिच्छेद वाचायला सांगा.